मोरी पाण्यात नाही, टोपलीत दिसली

मुदखेडपासून मालवणचा समुद्र साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडची माणसे पोहायला शिकतात ती विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काठावर काका किंवा मामा उभे, आणि 'मार उडी' म्हटले की डोळे मिटून उडी. पुढे डबा सुटतो. मग दोन परस पाण्याच्या तळाची माती मुठीत आणून दाखवणाऱ्या पोराला गावात मान मिळतो. त्या बुडीत कान का दुखतात, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नव्हते. ते कळले वयाच्या पन्नाशीनंतर, मालवणात.

निमित्त पुतण्याचे. पुण्यात नोकरी करणारा हा पोरगा दिवाळीला घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, ''काका, हे बघा.'' अटलांटिक महासागरातील बहामा बेटांचा व्हिडिओ होता. निळ्याशार पाण्यात माणसे गुडघे टेकून बसलेली आणि त्यांच्या डोक्यावरून दहा-बारा शार्क शांतपणे फिरताहेत. दुसऱ्या व्हिडिओत केमन बेटांवर कमरेएवढ्या पाण्यात पर्यटकांच्या पायांभोवती पाकट घुटमळत होते. ''आपण हे बघायला जायचं,'' तो म्हणाला. विमानभाड्याचा आकडा बघितल्यावर बहामा मागे पडले आणि मालवण पुढे आले. समुद्र तर आपल्यालाही आहे, शार्कही आहेत. मग इथेच का बघू नयेत?

जानेवारीत आम्ही चौघे निघालो. मी, पुतण्या, अक्का आणि दाजी.

आधी भीतीचा हिशेब

निघण्यापूर्वी गल्लीतल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, ''चावला तर?'' त्याचे उत्तर आकड्यांत आहे. कुणी डिवचले नसताना शार्कने माणसाला चावल्याच्या घटनांची जागतिक नोंद अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवली जाते. २०२४ मध्ये साऱ्या जगात अशा ४७ घटना घडल्या आणि त्यांत चार जणांचा मृत्यू झाला. याउलट २००० ते २०१९ या काळात एकट्या भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. रात्री पाणी द्यायला अनवाणी शेतात जाणारा आपला शेतकरी समुद्रात बुडी मारणाऱ्या पर्यटकापेक्षा कितीतरी मोठा धोका पत्करतो. त्या धोक्याची सवय झालेली असते, म्हणून तो दिसत नाही इतकेच.

उलट बाजूचा आकडाही सांगायला हवा. माणसाच्या मासेमारीत वर्षाला सुमारे ८ कोटी शार्क मरतात, असे 'सायन्स' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या संशोधनात म्हटले आहे. कुणी कुणाला घाबरायचे, हे यावरून ठरवावे.

शार्कला कोकणात मोरी किंवा मुशी म्हणतात आणि तिच्या चपट्या भावंडांना पाकट. दोघांच्याही अंगात हाड नाही, सांगाडा सगळा कूर्चेचा. आपला कान वाकतो तो कूर्चेमुळेच. शार्कच्या कुळाचा इतिहास ४० कोटी वर्षांहून जुना, म्हणजे डायनासोरच्याही आधीचा. तिच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात. त्यांतून तिला दुसऱ्या प्राण्याच्या स्नायूंत निर्माण होणारी अगदी क्षीण वीज जाणवते, त्यामुळे वाळूत दडलेला मासाही तिच्यापासून लपत नाही. पाकट नेमका उलट: स्वतःच वाळू अंगावर घेऊन पडून राहतो, फक्त डोळे आणि त्यामागची श्वासाची दोन छिद्रे वर.

फॉर्मवरचा एक खोटा 'नाही'

पाण्यात उतरण्याआधी आम्हाला एक छापील फॉर्म मिळाला. दमा आहे का? फिट येते का? हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, पडद्याला छिद्र, नुकतेच झालेले ऑपरेशन, गर्भारपण? दाजींनी सगळीकडे 'नाही' लिहिले. त्यांच्या खिशात दम्याचा पंप होता. ''एवढं साडेसहाशे किलोमीटर आलो आणि होडीत बसून राहू?'' असे ते हळूच मला म्हणाले. अक्काने ते ऐकले आणि प्रशिक्षकाला सरळ सांगून टाकले. त्याने फॉर्म परत घेतला आणि दाजींना हात जोडून नाही म्हटले. दाजी दिवसभर अक्काशी बोलले नाहीत.

अक्काचे बरोबर का होते, हे थोडे समजून घेऊ. पृष्ठभागावर आपल्या अंगावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवेचे आकारमान निम्मे. कानाच्या पडद्यामागे हवेची लहानशी पोकळी असते. ती आकसली की पडदा आत ओढला जातो आणि दुखतो. विहिरीच्या तळाशी आमचे कान दुखायचे ते याच कारणाने. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकर मारल्यासारखे करायचे. कानात 'पट्' होते आणि दाब सारखा होतो. दुखायला लागल्यावर नव्हे, त्याआधीच आणि प्रत्येक मीटरला हे करायचे. सर्दी झाली असेल तर घसा आणि कान यांना जोडणारी नळी सुजलेली असते, हवा पोहोचत नाही. अशा दिवशी बुडी मारू नये. जोर लावून फुंकरही मारू नये, पडदा फाटू शकतो.

वर येतानाचा धोका याहून मोठा आहे. टाकीतली हवा दहा मीटरवर छातीत भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाचे नाजूक फुगे फाटू शकतात आणि हवा रक्तात शिरू शकते. म्हणून स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे अवघड जाते, कारण आपली सगळी विद्या श्वास रोखण्याचीच. दम्यात श्वासनळ्या आकसतात, हवा आत अडकून राहते. श्वास न रोखताही तोच धोका उभा राहतो. दमा असलेल्या सर्वांनाच डायव्हिंग कायमचे बंद असे नाही, पण ते ठरवायचे छातीच्या डॉक्टरने, श्वासाची चाचणी करून. होडीवर उभे राहून आपण ठरवायचे नाही.

पाण्याखाली वीस मिनिटे

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ आम्ही तिघे उतरलो. प्रत्येकासोबत एक प्रशिक्षक. खोली सहा-सात मीटर. पोहता न येणाऱ्यांनाही अशी पहिली बुडी मारता येते, पण आधी पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायचा सराव केलेला बरा. घाबरलेला माणूस जोरजोरात श्वास घेतो, टाकी लवकर संपवतो आणि धडपडून वर येऊ पाहतो.

पाणी बहामासारखे निळे नव्हते, हिरवट होते. चार-पाच मीटरपलीकडचे धूसर. पण खडकांवर मऊ प्रवाळ हलत होते, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने फिरत होते, एका कपारीतून गोब्रा आमच्याकडे बघत होता. पुतण्या मात्र मान वळवून वळवून शार्क शोधत होता. पाणी ढवळणाऱ्या, हातवारे करणाऱ्या माणसाला शार्क दिसत नाही, कारण त्याच्या आधी तिला तो जाणवलेला असतो. ज्याला बघायचे आहे त्याने सावकाश श्वास घेत स्थिर राहावे, वाळूच्या पट्ट्यांवर दोन डोळे आणि ताटाएवढा गोल उंचवटा दिसतो का ते पाहावे, खडकाच्या बुडाशी अंधाऱ्या फटीत डोकवावे. बांबू शार्क नावाची हातभर लांबीची निरुपद्रवी मोरी दिवसा अशाच फटीत झोपलेली असते.

आम्हाला मोरी दिसली नाही, पाकटही दिसला नाही. शेजारच्या एका गटाने व्हिडिओसाठी पावाचे तुकडे टाकले आणि मासे त्यावर तुटून पडले. केमन बेटांवर हेच मोठ्या प्रमाणात झाले आहे. मुळात रात्री वावरणारे तिथले पाकट पर्यटकांच्या खाऊमुळे दिवसा वावरू लागले, असे २०१३ साली संशोधकांनी नोंदवले. मालवणातही मासे पावाला सोकावत असतील, तर ते आपल्याच हौसेपायी.

संध्याकाळचा लिलाव

संध्याकाळी बंदरावर गेलो. होड्या लागल्या होत्या, वाळूवर टोपल्या ओतल्या जात होत्या, लिलावाचा गलका होता. तिथे एका टोपलीत ती होती. फावड्यासारखे चपटे नाक, राखाडी अंग, लांबी हातभरही नाही. शेजारी बशीएवढे दोन पाकट. पुतण्या मोबाइल काढायचा विसरला. माल विकणारे मामा हसून म्हणाले, ''मोरी बघूक इलात? मगे हंय बघा. पाण्यात खंय गावतली आता.''

कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर जाळ्यात सर्वांत जास्त येणारी शार्क हीच, शास्त्रीय नाव स्कॉलिओडॉन लॅटिकॉडस. पूर्ण वाढली तरी दोन-अडीच फुटांची. ती अंडी घालत नाही. तिच्या पिल्लांना नाळेतून पोषण मिळते, आणि एका वेळी होतात जेमतेम डझनभर. समुद्रातील शार्क आणि पाकट कमी होण्याचे मूळ इथे आहे. बांगडा म्हणजे मेथीची भाजी: लवकर तयार होते, खुडली तरी पुन्हा पेरता येते. मोरी म्हणजे आंब्याचे झाड. उशिरा फळते, आणि तोडले तर पुढच्या पिढीलाच सावली. सर्वांत मोठ्या पाकटांपैकी मांटा तर दोन ते पाच वर्षांनी एकच पिल्लू देतो.

त्यामुळे जाळे ओढण्याच्या वेगापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. भारत हा शार्क आणि पाकट पकडणाऱ्या जगातील आघाडीच्या देशांपैकी आहे. पण बहुतेक वेळा त्या मुद्दाम पकडल्या जात नाहीत. कोळंबी किंवा इतर मासळीसाठी टाकलेल्या ट्रॉलच्या जाळ्यात त्या आपोआप येतात. खुल्या महासागरातील शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असे २०२१ च्या अभ्यासात दिसले. त्याच वर्षी, या गटातील एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, असेही जाहीर झाले.

बहामात दिसते, इथे का नाही?

पुतण्याने दाखवलेला व्हिडिओ निव्वळ निसर्गाची देणगी नव्हता. बहामाने १९९३ मध्येच हजारो गळांच्या लांब दोरीने मासेमारी करण्यावर बंदी घातली आणि २०११ मध्ये आपल्या साऱ्या समुद्रात शार्क मारण्यास मनाई केली. आज जिवंत शार्क हा त्या देशाचा धंदा आहे. २०१४ साली शार्क पाहायला येणाऱ्यांमुळे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे ११.४ कोटी डॉलर आले. दुसरीकडे, ५८ देशांतील ३७१ प्रवाळभित्तींवर पाण्याखाली कॅमेरे लावून केलेल्या पाहणीत जवळपास पाचव्या हिश्शाच्या ठिकाणी एकही शार्क दिसली नाही. हा अहवाल २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आला. जिथे नियम आणि त्यांची अंमलबजावणी आहे तिथे शार्क आहेत, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवले गेले. गुजरातच्या किनाऱ्यावर एकेकाळी तेलासाठी त्याची शिकार व्हायची. २००४ मध्ये मोरारी बापूंनी माहेरी आलेल्या लेकीची उपमा देऊन त्याला वाचवायला सांगितले आणि मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले. महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडताना जाळे फाटले तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी अनेक जाती कायद्याच्या छत्राखाली आल्या.

मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. पण ते जाहीर झाले तेव्हापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्यांची चूल जाळ्यावर पेटते त्यांना 'मासे सोडा' म्हणणे सोपे आहे. टोपलीतली मोरी विकून त्या मामांना त्या दिवशी जे मिळाले ते मिळाले. पण तीच मोरी पाण्यात असती, तर तिला बघण्यासाठी आम्ही उद्याही पैसे मोजले असते, आणि पुढच्या वर्षी आणखी चार मुदखेडकर आले असते. ते पैसे मामांच्या होडीपर्यंत पोहोचतील अशी व्यवस्था झाली, तर मालवणात अभयारण्याची गोष्ट वेगळ्या सुरात बोलली जाईल.

रात्री खानावळीच्या फळ्यावर 'मोरीचं मटण' लिहिलेले होते. आम्ही बांगडा मागवला. कुणी मोरी खाल्ली म्हणून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही, ते तिथले जुने अन्न आहे. आरोग्याची एक सूचना मात्र आहे. शार्क शिकारी असल्याने खालच्या माशांतला पारा तिच्या अंगात साठत जातो, मोठ्या आणि वयस्क शार्कमध्ये सर्वांत जास्त. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि लहान मुले यांनी शार्कचे मांस टाळावे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितले आहे.

परतीचा घाट

आम्ही त्याच रात्री गाडी काढणार होतो. प्रशिक्षकाने विचारले, ''कुठल्या घाटाने?'' प्रश्न विचित्र वाटला, पण त्यामागे शास्त्र आहे. दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दाब हळूहळू कमी झाला तर तो श्वासावाटे निघून जातो, झटकन कमी झाला तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय बधिर होतात, क्वचित लकवाही येतो. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठ अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. हाच नियम सुमारे ६०० मीटरहून उंच जाण्यालाही लागू होतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. कोकणातून देशावर येणाऱ्या आपल्यासारख्यांना घाट हेच विमान.

आमच्या सहा-सात मीटरच्या वीस मिनिटांच्या बुडीत धोका नगण्य होता, हे त्यानेच सांगितले. पण कोर्स करून १५-२० मीटर जाणाऱ्यांनी परतीच्या आधी एक पूर्ण दिवस किनाऱ्यावर काढावा. आम्हीही राहिलो. त्या रात्री दाजी अक्काशी बोलले.

घरी आल्यावर दाजींनी नांदेडला श्वासाची चाचणी करून घेतली. पंप नियमित घेत नसल्याचे डॉक्टरांनी लगेच ओळखले. आता ते रोज घेतात, पुढच्या वर्षीच्या आशेवर. पुतण्या कोर्स करणार आहे. त्याच्या यादीत आता कर्नाटकातले नेत्राणी बेट, लक्षद्वीप आणि अंदमान आहेत. तिथल्या प्रवाळांत शार्क दिसण्याची शक्यता बरी आहे. हमी देणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नये.

आणखी एक गोष्ट त्याला सांगायची राहिली होती, ती परवा स्टेशनवर सांगितली. मुदखेडहून एक रेल्वेमार्ग किनवटमार्गे आदिलाबादला जातो. त्याच्याही पुढे, आसिफाबादच्या बाजूला, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात पाकटाच्या कुळातल्या एका लुप्त जातीचे दात सापडले आहेत. १९९३ मध्ये तिला 'इग्डाबॅटिस इंडिकस' हे नाव मिळाले. ती जगत होती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. समुद्राचे पाणी तेव्हा किती आत येत होते, यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे. पुतण्याने रुळांकडे बघितले आणि म्हणाला, ''म्हणजे काका, आपण उलट्या दिशेला गेलो होतो.''

जाणार असाल तर

• फॉर्म खरा भरा. दमा, फिट, हृदयविकार, मधुमेह किंवा कानाचा त्रास असेल तर गावातूनच डॉक्टरांचा सल्ला घेऊन निघा.

• सर्दी असताना बुडी नको. आदल्या रात्री आणि त्या दिवशी दारू नको. पाणी भरपूर प्या.

• होडीत लाइफ जॅकेट काढू नका. पाण्याखाली श्वास रोखू नका, वर येताना मिनिटाला ९ मीटरहून हळू या.

• उथळ पाण्यात चालताना पाय घासत चाला. पाकट सावध होऊन निघून जातो. त्याच्यावर पाय पडला तर तो शेपटीचा काटा मारतो.

• काटा लागला तर जखम धुवा, आणि तो भाग सोसेल इतक्या गरम (सुमारे ४५ अंशांपर्यंत) पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवा. वेदना कमी होते. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपसू नका, तसेच रुग्णालय गाठा.

• माशांना खाऊ घालू नका, कशालाही हात लावू नका.